हिब्रू व्यक्तिनामे : शास्त्राने सांगितलेला अर्थ आणि नावांचा स्वतःचा इतिहास

इतिहासाच्या साधनांत व्यक्तिनामांना फारसे मानाचे स्थान मिळालेले नाही. राजाने कोरविलेला लेख, पुरोहिताने संपादिलेला ग्रंथ आणि दरबारी वृत्तान्त या तिन्हींमागे लिहिणाऱ्याचा काही हेतू असतो व तो ध्यानात घेऊनच अभ्यासकाला त्यांचा उपयोग करावा लागतो. अपत्याचे नाव ठेवणाऱ्या आईबापांना मात्र भावी इतिहासकारांसाठी पुरावा सोडून जायचा नसतो. त्यांच्या मनात त्या वेळी जी श्रद्धा, जी भीती किंवा जी कृतज्ञता असेल तिचाच ठसा नावावर उमटतो. म्हणून एखाद्या समाजाच्या धर्मग्रंथात काय लिहिले आहे आणि त्या समाजातील माणसांची नावे काय होती, या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या असता काही वेळा विलक्षण विसंगती दृष्टीस पडतात. यहुदी शास्त्रातील, म्हणजे ख्रिस्ती परंपरा ज्याला जुना करार म्हणते त्या ग्रंथसमूहातील, हिब्रू नावांचा विचार प्रस्तुत लेखात याच दृष्टीने केला आहे.

हिब्रू नावाचे सर्वांत ठळक वैशिष्ट्य असे की, ते पुष्कळदा एक पूर्ण वाक्य असते. आपल्याकडील 'देवदत्त' हा समास आहे. हिब्रूतील 'नथनेल' हे कर्ता आणि क्रियापद असलेले विधान आहे : एलने, म्हणजे देवाने, दिले. त्याच 'नाथान' या धातूपासून एल्नाथान, नथन्या, योनाथान, मत्तन्या अशी नावांची मोठी माळ तयार होते. देवतावाचक घटक कधी आरंभी येतो, कधी अखेरीस. 'एल' हा सेमिटिक भाषांत देवासाठी असलेला सामान्य शब्द आणि कनानी देवमंडळातील श्रेष्ठ देवाचे विशेषनामही. इस्राएलाच्या देवाचे विशेषनाम चार व्यंजनांनी लिहिले जाई. नावाच्या आरंभी ते 'यहो' किंवा 'यो' असे येते, तर शेवटी 'याहू' किंवा 'या' असे. यशया, यिर्मया, जखऱ्या, नहेम्या या नावांच्या शेवटचा 'या' तोच आहे. एलीया हे नाव तर दोन्ही घटकांनी मिळून बनले आहे, 'याहू हाच माझा देव'. बालाच्या पुरोहितांशी ज्याने आयुष्यभर झुंज दिली त्या संदेष्ट्याचे नावच त्याचा पक्ष सांगते. दैनंदिन व्यवहारात अशी लांब नावे आखूड होत, देवाचे नाव गळून जाई आणि 'नाथान' एवढेच उरे. दत्तात्रेयाचा दत्तू करणाऱ्या आपल्या समाजाला यात नवल वाटण्याचे कारण नाही.

आता शास्त्र स्वतः नावांचा जो अर्थ सांगते त्याकडे वळू. उत्पत्तीच्या पुस्तकात जवळजवळ प्रत्येक महत्त्वाच्या जन्माबरोबर नावाचे स्पष्टीकरण येते. लेआ आणि राहेल या दोघी सवती आपापल्या मुलांची नावे ठेवतात ती एकमेकींवरच्या कुरघोडीची आणि नवऱ्याच्या प्रेमासाठी केलेल्या याचनेची नोंदच म्हणता येईल. अशा प्रसंगी नाव ठेवण्याचा अधिकार पुष्कळदा आईकडे दिसतो, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. प्रसूतीत मरता मरता राहेल आपल्या धाकट्याला 'बेनोनी', माझ्या दुःखाचा पुत्र, असे नाव देते आणि याकोब ते बदलून 'बन्यामीन', उजव्या हाताचा पुत्र, असे करतो. आईचे नाव टिकले नाही, पण शास्त्राने ते पुसूनही टाकले नाही.

तथापि ही स्पष्टीकरणे भाषाशास्त्रीय व्युत्पत्ती मानून चालणार नाही. ती ध्वनिसाम्यावर उभारलेली श्लेषात्मक कथने आहेत. शमुवेलाचे उदाहरण घ्यावे. वांझपणाने गांजलेली हन्ना देवाकडे पुत्र मागते आणि तो झाल्यावर, मी याला देवापासून मागून घेतले, अशा कारणाने त्याचे नाव शमुवेल ठेवते. परंतु 'मागणे' या अर्थाचा 'शाअल' हा धातू शमुवेल या नावात नाही. तो आहे 'शौल' या नावात; शौल म्हणजेच 'मागितलेला'. शमुवेल या नावाचा अर्थ 'त्याचे नाव एल' किंवा 'एलचे नाव' असा काहीसा होतो. १ शमुवेलाच्या पहिल्या अध्यायाच्या अखेरीस हन्ना मुलाला देवाच्या स्वाधीन करते तेव्हा तर मूळ हिब्रूत 'शाऊल' हा शब्द जसाच्या तसा येतो. यावरून काही अभ्यासकांनी असा तर्क केला की, ही जन्मकथा मुळात इस्राएलाचा पहिला राजा शौल याची असावी आणि शौल राजाची कीर्ती मलिन झाल्यावर ती त्याला अभिषेक करणाऱ्या संदेष्ट्याकडे वळविली गेली असावी. हा तर्क सर्वमान्य नाही. शौलाची छाया मुद्दामच शमुवेलाच्या कथेवर पाडली आहे, असेही म्हणता येते, आणि मला स्वतःला हेच अधिक संभवनीय वाटते. पण नाव आणि त्याचा सांगितलेला अर्थ यांत फट आहे, हे दोन्ही पक्षांना मान्य करावे लागते.

मोशेच्या बाबतीत ही फट आणखी रुंद आहे. निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायानुसार फारोच्या कन्येने त्याला पाण्यातून ओढून काढले म्हणून, 'ओढून काढणे' या अर्थाच्या 'माशा' या हिब्रू धातूवरून, त्याचे नाव मोशे ठेवले. इजिप्तच्या राजकन्येने हिब्रू भाषेत श्लेष साधावा ही अडचण आहेच. शिवाय व्याकरणदृष्ट्या मोशे म्हणजे 'ओढून काढणारा', ओढून काढलेला नव्हे. इजिप्शियन भाषेत 'जन्मलेला' या अर्थाचा 'मोसे' हा घटक थुटमोस, अहमोस यांसारख्या नावांत येतो, तेथे त्याच्या आधी देवाचे नाव असते. मोशेच्या नावातील देव गळून पडला असावा, हे मत आज बहुतेकांना ग्राह्य वाटते. त्या नावातील 'श' व्यंजनाबद्दलची शंका पूर्णपणे फिटलेली नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. या मताला बळकटी मिळते ती मोशेच्या घराण्यातील इतर नावांमुळे. त्याच्या भावाचा नातू फिनहास याचे नाव निःसंशय इजिप्शियन असून त्याचा अर्थ 'नुबियाचा माणूस' किंवा 'काळा' असा होतो. इजिप्तमधून सुटून आलेल्या लोकांच्या पुरोहितवर्गात इजिप्शियन नावे टिकून राहावीत हा तपशील कोणा उत्तरकालीन लेखकाला कल्पनेने सुचण्यासारखा नाही.

याकोबाचे नाव शास्त्र टाचेशी आणि फसवणुकीशी जोडते. जुळ्या भावाची टाच धरून जन्मलेला आणि पुढे त्यालाच ठकविणारा तो याकोब. मात्र त्याच घडणीची नावे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकाच्या आरंभी मेसोपोटेमियातील अमोरी लोकांत आढळतात आणि हिक्सोस काळातील मुद्रांवर 'याकुब-हर' नावाचा एक राजा येतो. तेथे 'देव रक्षण करो' असा आशीर्वादपर अर्थ लावणेच योग्य ठरते. अब्रामाचा अब्राहाम झाला त्याचे कारण उत्पत्तीच्या १७व्या अध्यायात 'बहुत राष्ट्रांचा पिता' असे दिले आहे. पण 'राहाम' हा शब्द हिब्रूत 'समूह' या अर्थाने आढळत नाही, आणि ही एकाच नावाची दोन बोलीरूपे असावीत असे दिसते.

येथे थोडे विषयांतर आवश्यक आहे. अब्राहाम म्हणजे ब्रह्मा आणि सारा म्हणजे सरस्वती, अशी समीकरणे आपल्याकडील लोकप्रिय लेखनातून अधूनमधून डोके वर काढतात. अब्राहाम या नावातील 'अब' म्हणजे पिता हा घटक अबीमलेख, अबनेर, अबशालोम अशा अनेक नावांत येतो. तो तोडून नावाचे उरलेले टोक संस्कृत शब्दाला जोडणे म्हणजे नावाची चौकट न पाहता केवळ कानाला पटते ते खरे मानणे होय. तीच चूक प्राचीन कथनकाराने केली असती तरी ती साहित्य म्हणून शोभली असती, कारण त्याला नावातून कथा घडवायची होती. आधुनिक लेखकाला ती सवलत मिळू शकत नाही.

नावांच्या साक्षीचे खरे मोल कळते ते राजांच्या काळात. २ शमुवेल हे पुस्तक शौलाच्या एका पुत्राला ईश-बोशेथ आणि योनाथानाच्या पुत्राला मफीबोशेथ म्हणते. 'बोशेथ' म्हणजे लाज. कोणता बाप आपल्या मुलाचे नाव 'लाजेचा माणूस' असे ठेवील? उत्तर १ इतिहास या, रचनेने कितीतरी नंतरच्या, ग्रंथात मिळते. तेथील वंशावळीत हीच नावे एशबाल आणि मरीब्बाल अशी आहेत. दावीदाच्या एका पुत्राचे नाव एका ठिकाणी एल्यादा, तर दुसऱ्या ठिकाणी बेल्यादा. गिदोनाचे दुसरे नाव यरुब्बाल, आणि २ शमुवेलात तेच यरुब्बेशेथ. कोण्या लेखनिकाला 'बाल' हे कनानी देवाचे नाव लिहिणे असह्य झाले आणि त्याने त्या जागी 'लाज' हा शब्द बसविला, ही उपपत्ती सर्वांत समाधानकारक आहे. वंशावळी फारशा कोणी वाचत नसावे, म्हणून तेथे मूळ नावे बचावली.

प्रश्न असा की, शौल आणि दावीद हे बालाचे उपासक होते काय? 'बाल' हा मुळात 'स्वामी', 'मालक', 'पती' या अर्थाचा सामान्य शब्द आहे. १ इतिहासाच्या १२व्या अध्यायात दावीदाच्या एका योद्ध्याचे नाव बाल्या असे येते. 'याहू हाच बाल' याखेरीज त्याचा दुसरा अर्थ होत नाही. म्हणजे एके काळी इस्राएलाच्या देवालाच 'बाल' म्हणून संबोधले जात होते आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते. आठव्या शतकातला होशेय संदेष्टा, यापुढे देवाला 'माझा बाल' म्हणायचे नाही, असे बजावतो. ती प्रथा तोवर चालू होती याचाच तो पुरावा होय. या चर्चेला अलीकडे उत्खननांनी भक्कम आधार दिला. खिर्बेत केयाफा येथे २०१२ साली सापडलेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे इ.स.पू. १००० च्या, एका रांजणावर 'बेदाचा पुत्र एशबाल' असे नाव कोरलेले आहे. तर खिर्बेत अल-राई येथील, त्याहून सुमारे शतकभर जुन्या, मडक्यावर शाईने लिहिलेले 'यरुब्बाल' हे नाव २०२१ साली जाहीर झाले. ही माणसे शास्त्रातील त्याच नावाच्या व्यक्ती आहेत असे मानण्याचे कारण नाही. पण शास्त्राने लाजेखाली झाकलेली नावे त्या काळी खरोखरच प्रचारात होती, हे आता नाकारता येणार नाही.

उलट दिशेचा पुरावाही तितकाच बोलका आहे. शास्त्रात ज्याच्यावर बालपूजेचा सर्वांत कठोर ठपका ठेवला आहे त्या अहाब राजाच्या मुलांची नावे अहज्या आणि यहोराम अशी आहेत; अथल्या हीही त्याच घराण्यातली. तिन्ही नावांत याहू आहे. अहाबाने बालाचे मंदिर बांधले असेल, पण पाळण्यात त्याने आपल्या देवाचेच नाव घेतले. शोमरोन येथे १९१० साली सापडलेल्या आठव्या शतकातील खापरांवर कर म्हणून आलेल्या द्राक्षारसाच्या व तेलाच्या नोंदी आहेत. त्यांत अबीबाल, मरीबाल अशी नावे आणि 'यौ' या उत्तरेकडील रूपाने संपणारी नावे एकत्र नांदतात. त्यांत 'एगेल्यौ', याहूचे वासरू, हेही एक आहे. उत्तर राज्यातील सोन्याच्या वासरांची शास्त्राने जी निंदा केली आहे ती वाचलेल्याला हे नाव पाहून क्षणभर थांबावेसे वाटेल. दक्षिणेकडील यहूदाच्या राज्यात मात्र बाल घटक जवळजवळ नाहीसा होतो. जेफ्री टिगे यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात यरुशलेमाच्या पाडावापूर्वीच्या लेखांतील नावे मोजली, तेव्हा याहू घटकाची ५५७ आणि इतर देवतांची केवळ ३५ नावे भरली. यिर्मया आणि यहेज्केल यांच्या प्रवचनांतून घराघरांत मूर्तिपूजा माजल्याचे जे चित्र उभे राहते त्याच्याशी हा आकडा जुळत नाही. याचा अर्थ संदेष्टे खोटे बोलत होते असा करू नये. नाव हे जाहीर निष्ठेचे चिन्ह असते, घरातल्या कोनाड्यात कोण बसले आहे ते नाव सांगत नाही. यहेज्केलाच्या आठव्या अध्यायात मंदिरातच मूर्तींपुढे धूप जाळणाऱ्यांत शाफानाचा पुत्र याजन्या उभा आहे. याजन्या म्हणजे 'याहू ऐकतो'.

शाफान या नावावरून आठवले. सगळीच हिब्रू नावे देवाची नाहीत. शाफान म्हणजे खडकांत राहणारा सशाएवढा एक प्राणी. राहेल म्हणजे मेंढी, दबोरा म्हणजे मधमाशी, योना म्हणजे कबूतर, अखबोर म्हणजे उंदीर आणि एज्राच्या यादीतील परोश म्हणजे चक्क पिसू. तामार म्हणजे खजुरीचे झाड. यामागे कुलचिन्हांची प्राचीन प्रथा आहे असा सिद्धान्त एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडला गेला होता; तो आता टिकलेला नाही. लाडाने, रूपावरून, किंवा दृष्ट लागू नये म्हणून अशी नावे ठेवली जात असावीत. धोंडू, दगडू, केरू ही नावे ज्या समाजाने ठेवली त्याला हे समजावून सांगावे लागू नये. लक्षणीय गोष्ट ही की, शाफानाने आपल्या मुलांना प्राण्यांची नावे दिली नाहीत. त्यांपैकी गमऱ्या याची मुद्रा १९८२ साली यरुशलेमाच्या उत्खननात, इ.स.पू. ५८६ च्या आगीत भाजून पक्क्या झालेल्या मातीच्या ठशांत सापडली. उत्खननातच सापडल्यामुळे तिच्याविषयी संशय नाही. यिर्मयाचा लेखनिक बारूख याची म्हणून बाजारातून आलेली मुद्रा मात्र आता बनावट ठरली आहे, आणि नावांच्या पुराव्यावर भिस्त ठेवणाऱ्याने हा धडा विसरू नये.

नाव बदलणे हा सत्तेचा अधिकार होता. इ.स.पू. ६०९ मध्ये इजिप्तच्या नखो फारोने एल्याकीमाला गादीवर बसवून त्याचे नाव यहोयाकीम केले, आणि इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सराने मत्तन्याचा सिद्कीया केला. दोघाही सम्राटांनी मांडलिकाला आपल्या देवाचे नाव दिले नाही हे आश्चर्य. एल्याकीम आणि यहोयाकीम यांचा अर्थही एकच, 'देव स्थापन करील'. फक्त 'एल' जाऊन 'यहो' आला. मांडलिकाने स्वतःच्या देवाच्या नावाने निष्ठेची शपथ घ्यावी आणि ती मोडल्यास त्याच्याच देवाने त्याला शासन करावे, असा हिशोब त्यामागे असावा. नबुखद्नेस्सराने सिद्कीयाला अशी शपथ घ्यायला लावली होती, असे २ इतिहासाचा शेवटचा अध्याय सांगतोच.

बंदिवासात गेलेल्यांची कथा निराळी. जरुब्बाबेल म्हणजे 'बाबेलचे बीज'. यरुशलेमाचे मंदिर पुन्हा बांधणाऱ्या दावीदवंशीय नेत्याचे हे नाव! मर्दखय या नावात मार्दुक देव आहे आणि एस्तेर या नावात बहुधा इश्तार देवी, जरी तिचे हदस्सा हे हिब्रू नाव ग्रंथाने आवर्जून नोंदविले आहे. परकीय नाव धारण करणे म्हणजे परकीय देव स्वीकारणे, असे त्या पिढीने मानले नसावे. बाबिलोनियातील 'यहूदाचे नगर' या वसाहतीच्या मृत्तिकापट्टिका गेल्या काही दशकांत प्रकाशात आल्या. त्यांत एकच गृहस्थ एका पट्टिकेत 'बेल-शर-उसुर' आणि दुसरीत 'याहू-शर-उसुर' असा येतो. बेल, राजाचे रक्षण कर. याहू, राजाचे रक्षण कर. राजा तोच, बाबेलचा. सरकारी कागदावर एक देव आणि आपल्या माणसांत दुसरा, असा हा व्यवहार होता की हा लेखनिकाचा स्वभावदोष होता, हे दोन पट्टिकांवरून ठरविणे धाडसाचे होईल.

बंदिवासानंतर आणखी एक बदल झाला. हिब्रू शास्त्रात अब्राहाम एकच, मोशे एकच, दावीद एकच. त्यांच्या वंशातही कोणी ती नावे पुन्हा ठेवलेली दिसत नाहीत. आजोबाचे नाव नातवाला देण्याची चाल पुढे रूढ झाली आणि नावांचा साठा आटत गेला. रोमन काळात शिमोन, यहूदा, योसेफ, एलाजार, योहान अशी थोडीच नावे पुन्हा पुन्हा येतात, आणि ज्ञात स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्या मरीया किंवा शलोमे या दोन नावांच्या आहेत. यांतील बरीच नावे परकीय सत्तेविरुद्ध उठाव करणाऱ्या हस्मोनी घराण्यातील होती. वाक्य म्हणून त्यांचा अर्थ कोणाच्या ध्यानात असो वा नसो, ती स्वातंत्र्याची आठवण झाली होती. यहोशवा हे नाव याच काळात 'येशुआ' असे आखूड झाले व ग्रीकमधून 'येशू' म्हणून जगभर गेले. नूनाचा पुत्र यहोशवा आणि नासरेथचा येशू या दोघांचे नाव ग्रीक शास्त्रात एकच आहे. मराठी भाषांतरकारांनी ते दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिल्यामुळे मराठी वाचकाला हे नामसाम्य कळण्याचा मार्गच उरला नाही.

मराठीपुरते बोलायचे तर हिब्रू नावे येथे अनेक वाटांनी आली. अरबी-फारसीतून मूसा, दाऊद, युसूफ. पोर्तुगीजांमार्फत गोव्यात जुझे. इंग्रजीतून मोझेस, जोसेफ. आणि शास्त्राच्या भाषांतरांतून मूळ उच्चाराला बऱ्याच जवळची मोशे, योसेफ, शमुवेल ही रूपे. परंतु या सर्वांच्या आधी कोकण किनाऱ्यावरील बेने इस्राएल समाजाने ही नावे आपल्या बोलीत घडविली होती. शमुवेलाचा सामाजी, यहेज्केलाचा हसाजी, एलीयाचा एलोजी, अब्राहामाचा आबाजी. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले. स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि गाव, ही रचना अस्सल मराठी. हिब्रूत तेच 'यहेज्केलाचा पुत्र शमुवेल' होते. शमुवेल आणि यहेज्केल या दोन्ही नावांच्या अखेरीस 'एल' आहे आणि कोकणी जिभेवर नेमका तोच गळून त्या जागी 'जी' हा मराठी आदरप्रत्यय बसला. एलोजीत उलट झाले. तेथे 'एल' राहिला आणि 'याहू' गेला. १८३२ साली जॉन विल्सन यांनी या समाजासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण छापले, शाळा निघाल्या, छापील शास्त्र हाती आले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सामाजीचा पुन्हा सॅम्युएल होऊ लागला. गळालेला 'एल' परत आला तो इंग्रजी उच्चारात. आडनावातले गाव मात्र कोणी सोडले नाही.